आजोबांच्या सायकलचा दिवा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या सायकलींच्या ब्रेकबद्दल लिहिताना मी रॉकेलच्या आणि कार्बाईडच्या दिव्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांत ब्रेकबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. सगळ्यांना दिव्यांचीच पडली आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, गोठ्याच्या खुंटीला, कुठून कुठून हे दिवे निघालेत! फोटोंमुळे उत्तरं देणं सोपं झालं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मला हे का विचारायचं, अशी शंका नव्या वाचकांना येईल, म्हणून सांगते: मिरजेत आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं आणि मी पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दिव्यांच्या बाबतीत दोन्ही उपयोगी पडतं.

ताई, माझे आजोबा तलाठी होते. त्यांच्या सायकलचा रॉकेलचा दिवा आमच्याकडे आहे. त्यावर ‘किंग ऑफ द रोड’ आणि ‘जोसेफ ल्यूकस लिमिटेड, बर्मिंगहॅम’ असं कोरलंय. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतो, हा १८८० चा आहे, आठ हजार देतो. खरंच इतका जुना असेल का? — वाचक, कराड

नाही. आणि खरंच १८८० चा असता, तर व्यापाऱ्याने तुम्हाला ते सांगितलंच नसतं.

ल्यूकसने ‘किंग ऑफ द रोड’ हे नाव पहिल्यांदा दिलं ते १८८० च्या सुमारास, उंच चाकाच्या सायकलींच्या दिव्याला. तो दिवा हॅंडलला लावत नसत. पुढच्या भल्यामोठ्या चाकाच्या आत, आऱ्यांच्या मधोमध, हबला टांगत. तुमच्या फोटोतल्या दिव्याला मागे स्प्रिंगची दुहेरी पट्टी आहे आणि तिच्यात ब्रॅकेटची खोबण आहे. म्हणजे हा आपल्या ओळखीच्या, दोन सारख्या चाकांच्या सायकलचा दिवा. ती स्प्रिंग शोभेची नाही बरं का. खडीच्या रस्त्यावर दिवा आपटून ज्योत विझू नये म्हणून ती सगळे हादरे खाते. हळूच दाबून बघा, अजून लवचीक असेल तर पुष्कळ चांगल्या स्थितीत आहे.

ल्यूकसने हे नाव पुढे कित्येक दशकं चालवलं. डायनामोच्या दिव्यांवरही तेच. त्यामुळे नावावरून वय ठरत नाही, बारीक अक्षरांवरून ठरतं. ‘जोसेफ ल्यूकस अँड सन’ असेल तर जुना, ‘लिमिटेड’ असेल तर १८९७ नंतरचा, कारण कंपनी लिमिटेड झाली त्या वर्षी. आता भिंग घेऊन पेटंटचा आकडा शोधा. ब्रिटिश पेटंटांचे आकडे १९१६ पर्यंत दरवर्षी नव्याने सुरू व्हायचे, त्या वर्षापासून १००००१ पासून सलग चालू झाले. तुमच्या फोटोत पेटंटचा आकडा सहा अंकी दिसतो, म्हणजे दिवा १९१६ च्या आधीचा असूच शकत नाही. मात्र त्या आकड्याच्या अलीकडे ‘आरडी’ (Rd) अशी अक्षरं नाहीत ना, ते पाहा. तो आकार-नोंदणीचा क्रमांक असतो, त्याची मालिका वेगळी, आणि ती फार आधीच सहा आकड्यांत गेली होती. पुष्कळ लोक इथेच फसतात.

तुमचे आजोबा १९३४ साली नोकरीला लागले असं तुम्ही लिहिलंय. दिवा आणि नोकरी यांचा मेळ छान बसतो की! १८८० कशाला हवंय? किंमत सांगायचं काम मी करत नाही. पण ज्याने वय पन्नासेक वर्षांनी फुगवून सांगितलं, त्याच्या आठ हजारांवर मी तरी विसंबणार नाही.

जाता जाता : हे जोसेफ ल्यूकस सुरुवातीला बर्मिंगहॅमच्या हॉक्ली भागात हातगाडीवर रॉकेल विकत. पुढे त्यांच्या कंपनीने मोटारींचं विजेचं सामान केलं, आणि १९६१ साली मद्रासेत ल्यूकस-टीव्हीएस ही कंपनी उभी राहिली. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या मोटारीच्या स्टार्टरवर हे नाव तुम्ही वाचलंही असेल.

कुडाळच्या वाचकांच्या दिव्यावर ‘डीआरजीएम’ आहे, ते काय असा त्यांचा प्रश्न. ते जर्मन नोंदणीचं चिन्ह, १८९१ पासूनचं. जर्मन मालावर दिसणारा ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का ब्रिटिशांच्या १८८७ च्या कायद्याने सक्तीचा केला. जर्मन माल ब्रिटिश बाजारात ओळखू यावा आणि लोकांनी तो टाळावा, हा हेतू. झालं उलटंच, लोक शिक्का बघून घ्यायला लागले.

दिव्याच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवी काच का असते? आमचा नातू विचारतो. — वाचक, चिपळूण

जहाजांची नक्कल. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, म्हणजे अंधारात समोरच्याला कळतं, हे कुठल्या दिशेने चाललंय. बऱ्याच सायकल-दिव्यांनी तीच रीत उचलली. नातवाला सायकलवर बसवून त्याच्या डाव्या हाताला लाल काच येते का ते बघा. येत नसेल तर कोणीतरी कधीतरी काचा काढून उलट्या बसवल्यात.

आजोळी कार्बाईडचा सायकल-दिवा मिळाला, सोबत पत्र्याच्या डब्यात कार्बाईडही आहे. हलवलं की खडखडतं. दिव्याच्या आतली नळी गंजून तुटली होती, ती फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची बसवून घेतली. यंदा गणपतीत आरासीमध्ये तो पेटवून ठेवावा असा मुलांचा हट्ट आहे. पाणी किती घालायचं, एवढंच सांगा. — वाचक, इचलकरंजी

पाणी अजिबात घालू नका. आणि ती तांब्याची नळी आधी काढा.

आता सविस्तर. या दिव्याचे दोन खण. वरच्यात पाणी, खालच्या डब्यात कार्बाईडचे करडे खडे. मधे सुईची झडप. वरची चावी फिरवली की थेंब थेंब पाणी खाली पडतं. कॅल्शियम कार्बाईडवर पाणी पडलं की दोन गोष्टी होतात : ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुना उरतो. वायू नळीने वर चढतो आणि शंखजिऱ्याच्या दगडातून कोरलेल्या बर्नरच्या दोन बारीक भोकांतून बाहेर पडतो. दोन्ही धारा एकमेकींवर आदळल्या की ज्योत पसरून पंख्यासारखी चपटी होते. या ज्योतीत कार्बनचे कण इतके तापतात, की उजेड पिवळा न राहता पांढराशुभ्र पडतो. आमच्या दुकानातले रेल्वेवाले गिऱ्हाईक रॉकेलच्या दिव्याला नाक मुरडायचे ते यामुळेच. वाऱ्याने तो सहसा विझत नाही, आणि खड्डा पुढे दिसतो, चाक त्यात गेल्यावर नाही.

हे कार्बाईड स्वस्तात मिळू लागलं १८९२ नंतर, विजेच्या भट्टीत चुना आणि कोळसा एकत्र तापवून ते बनवण्याची रीत सापडल्यावर. अमेरिकेत थॉमस विल्सन आणि फ्रान्समध्ये हेन्री म्वासां, दोघांनी ती जवळपास एकाच वेळी काढली. चार-पाच वर्षांतच सायकलचे दिवे बाजारात आले. वडील सांगत, रात्री घरी आलं की दिवा लगेच विझवायची सोय नाही. पाण्याची चावी बंद केली तरी भिजलेले खडे वायू सोडतच राहतात. मग लोक ज्योत फुंकून दिवा अंगणात ठेवायचे आणि लसणासारखा वास सगळ्या आळीत. शुद्ध ॲसिटिलीनला एवढा वास नसतो, तो त्यात मिसळलेल्या फॉस्फीन या दुसऱ्या वायूचा. सकाळी डब्यातला ओला चुना खरवडून काढायचा. आमच्याकडे तो तुळशीवृंदावनाला फासायचे, फुकटची सफेदी.

हे सगळं अंगणात, मोकळ्या हवेत, रोज हाताळणाऱ्या माणसांचं. तुमचा बेत आहे घरात, थर्माकोल, कापसाची वस्त्रं आणि झालरी यांच्या गराड्यात. घरच्या सिलिंडरचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के असला तरच भडका घेतो. ॲसिटिलीन अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांच्याही वर कुठेही पेट घेतो. म्हणजे गळती झाली तर सुरक्षित असं प्रमाण जवळपास नाहीच. त्यात शंभर वर्षांची झडप, वाळून कडक झालेला वायसर आणि चुन्याने बुजलेली भोकं. वायू पुढे जाऊ शकला नाही की तो मागे पाण्याच्या खणात घुसतो आणि सांध्यांतून बाहेर येतो. त्याच्या शेजारी निरांजन!

तांब्याचं का सांगितलं? ॲसिटिलीन आणि तांबं यांचा संयोग होऊन कॉपर ॲसिटिलाइड बनू शकतं. ते वाळलं की नुसत्या घासण्याने किंवा आपटण्यानेही फुटतं. दिवा पितळेचा असतो, त्यात जस्त मिसळलेलं असल्याने हा धोका पुष्कळ कमी. म्हणून जुने कारागीर दिव्यात निव्वळ तांबं घालत नसत. फ्रिजवाल्या भावाचा दोष नाही, त्याच्याकडे तांब्याचीच नळी असणार. पण उद्या कोणी हा दिवा घेऊन खरंच पेटवला तर? पितळी नळीचा तुकडा घाला किंवा जागा रिकामी ठेवा.

आता डबा. खडखडतोय याचा अर्थ खडे अजून जिवंत आहेत. सगळा चुना झाला असता तर आत भुकटी सरसरली असती. डबा उघडू नका, हातोडी-छिन्नी लावून तर मुळीच नाही. लसणासारखा वास येतोय का, झाकण फुगलंय का, ते पाहा. दोन्ही नसेल तर कोरड्या, हवेशीर जागी, चुलीपासून आणि पावसापासून लांब ठेवा. कपाटात कोंडू नका. मग कार्बाईडवर गॅस तयार करून काम करणारा एखादा जुना, माहितगार वेल्डर गाठा. त्यांना हा माल हाताळायची सवय असते. डबा फुगलेला किंवा गळका असेल तर सरळ अग्निशमन दलाला फोन करा. गटारात ओतणं हा सगळ्यांत वाईट उपाय, तिथे पाणी आयतंच असतं.

मुलांना हेही सांगा की २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाईड गन’ नावाच्या घरगुती बंदुकांनी किती मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. तोच खडा, तेच पाणी.

दिवा मात्र आरासीत जरूर ठेवा, न पेटवता. खालचा डबा फिरवून काढा. अडकला असेल तर जोर करू नका, वाळलेला चुना आट्यांत बसलेला असतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून आट्यांपुरतं लावा, फेस येईल, पुसा, पुन्हा लावा. टॉयलेट धुण्याचं ॲसिड नको, ते पितळेतलं जस्त खातं. नंतर साध्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवा. वायसर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून बसवा, आमचे वडील तेच करायचे.

सासऱ्यांचा दिवा काळवंडलाय. मी चिंच आणि पितांबरीने एक कोपरा घासला तर आतून सुंदर पिवळं पितळ निघालं. सगळाच असा चकचकीत करावा का? घरातले म्हणतात थांब. — वाचक, नाशिक

घरातल्यांचं ऐका. तुम्ही घासून काढलंय ते मळकटपण नाही, निकेलचा मुलामा आहे. हे बहुतेक दिवे कारखान्यातूनच पितळेवर निकेल चढवून निघत. नव्वद वर्षांनी तो काळपट राखाडी होतो आणि आपल्याला वाटतं, कळकट आहे. पितळेचा सोनेरी सायकल-दिवा दिवाणखान्यात देखणा दिसतो, हे मलाही कबूल आहे. पण तुमच्या सासऱ्यांनी तो तसा कधी पाहिलाही नसेल.

निकेलची झाक किंचित पिवळसर असते, क्रोमची निळसर. क्रोम असेल तर दिवा १९२० च्या दशकाच्या अखेरीचा किंवा नंतरचा, हेही त्यातून कळतं. काळा रंग दिलेला असेल तर तोही मूळचाच असू शकतो, खरवडू नका.

काय करावं : मऊ फडकं रॉकेलमध्ये बुडवून पुसा. रॉकेल आता मिळायची मारामार आहे, तर शिवणयंत्राचं तेल चालेल. मग कोरड्या फडक्याने पुसून पातळ मेणाचा हात द्या. आतली वाटीसारखी तबकडी, जिच्यावरून उजेड परततो, तिच्यावर पुष्कळदा चांदीचा अगदी पातळ थर असतो. तिला पावडर लावलीत तर चांदी फडक्यावर येईल, म्हणून फक्त फुंकर आणि कापूस. आणि वरच्या धुराड्याच्या भोकांत मातीचे गोळे दिसतील. ते कुंभारमाशीचं घर. ओलं करा आणि काडीने काढा. टोकदार लोखंडाने टोचलंत तर पत्रा फाटतो. सांधे कथलाच्या डाखाने जोडलेले असतात, तेव्हा वाळवायला गॅसवर धरणंही नको, डाख वितळून दिवा सुटा होईल.

कोपरा गेला तो गेला. तसाच राहू दे.

रॉकेलचा दिवा तरी पेटवून बघता येईल ना? — वाचक, सोलापूर आणि आणखी बरेच

येईल, बाहेर, थोडा वेळ. टाकीत आधी नुसतं पाणी घालून तासभर कागदावर ठेवा, कागद ओला झाला तर विषय संपला. टाकीत कापूस कोंबलेला सापडला तर दचकू नका, तेल हिंदकळू नये म्हणून तो घालत. जुना काढून वाळलेला नवा घाला. वात चपटी, सुती, अगदी घट्ट न बसणारी. रॉकेल नसेल तर दिव्यांसाठी मिळणारं पॅराफिनचं तेल. पेट्रोल, थिनर, स्पिरिट मुळीच नाही. खोबरेल किंवा तीळतेल जाड असतं, रॉकेलसाठी केलेल्या वातीत ते वर चढत नाही आणि वातच जळते. फार जुने दिवे मात्र मोहरीच्याच कुळातल्या रेपसीड तेलावर चालत.

आत एलईडी बसवून रात्रीचा दिवा करावा का? — वाचक, पुणे

भोक पाडायचं नसेल तर करा. बॅटरीवरचा छोटा एलईडी वातीच्या जागी ठेवला आणि उद्या काढून घेता आला तर माझी हरकत नाही. वायरसाठी ड्रिल मारणार असाल तर बाजारात नवे बनवलेले नकली दिवे ढिगाने आहेत, त्यातला एक घ्या. तुम्ही पुण्यात आहात, तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. ड्रिल हातात घेण्याआधी तिथे एक चक्कर मारा.

मुलगी न्यू जर्सीला असते. तिला पणजोबांचा दिवा हवाय. जावई पुढच्या महिन्यात येताहेत, त्यांच्या बॅगेत घालून द्यावा म्हणते. काही अडचण? — वाचक, डोंबिवली

दोन अडचणी. पहिली कायद्याची. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने १०० वर्षं किंवा त्याहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. आपल्याच घरची आहे, हे उत्तर तिथे चालत नाही. सायकलचा दिवा पुरातन वस्तू म्हणून धरतील की नाही, हे मी किंवा जावई ठरवणार नाही. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ‘ही पुरातन वस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घेता येतं. तुमच्या फोटोत क्रोम आहे, म्हणजे दिवा शंभरीच्या अलीकडचाच असण्याची शक्यता जास्त. तरी विमानतळावर वाद घालण्यापेक्षा कागद हातात असलेला बरा.

दुसरी अडचण वासाची. रॉकेल पत्र्याच्या सांध्यांत मुरलेलं असतं. टाकी साबणाच्या कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, वात आणि कापूस काढून टाका, उन्हात उघडी ठेवा. वास येणारी टाकी विमानात नेऊ देणार नाहीत. आणि कार्बाईडचा चुकार खडाही सोबत जाता कामा नये. तो विमानवाहतुकीत घातक माल म्हणून मोडतो.

वडिलांची सायकल थोरल्या भावाकडे आहे, दिवा धाकट्याकडे. वडील देवरुखला फिरते शिक्षक होते. रोज संध्याकाळी दिव्यात रॉकेल घालणं, काच पुसणं, वात कातरणं हे सगळं मी करत असे, माझं लग्न होईपर्यंत. मी दिवा मागितला तर दोघेही म्हणाले, तुला गं त्याचं काय काम? थोरल्याला तो सायकलवर लावायचाय, धाकट्याला शोकेसमध्ये. ताई, मी हट्टी आहे का? — वाचक, रत्नागिरी

हट्टी असाल तर असा.

मृत्युपत्र नसेल तर वडिलांनी स्वतः कमावून घेतलेल्या वस्तूत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. दिव्यासाठी कोर्टात जा असं मी म्हणत नाही. पण ‘तुला काय काम’ हा प्रश्न तुमचा हक्कच नाही असं गृहीत धरून विचारलाय, तेवढं भावांच्या लक्षात आणून द्या.

थोरल्या भावाला सांगा की सायकलवर लावलेला दिवा पावसाळ्यात एकदा गंजला की संपला. दुकानांत नकली दिवे मिळतात, त्याच्या ब्रॅकेटवर तो बसेल. धाकट्याच्या शोकेसमध्ये दिवा राहील, पण वात किती वर ठेवली की काजळी धरते आणि किती खाली आणली की घाटात विझते, हे त्या घरात कोणाला माहीत आहे? तुम्हाला माहीत आहे. ते लिहून काढा, दोन पानं पुरेत : वडील कुठल्या वाडीला जायचे, कधी परतायचे, रॉकेल कुठल्या दुकानातून यायचं, दिवा नसला म्हणून पोलिसाने कधी अडवलं होतं का. तीन प्रती करा आणि तिन्ही घरांत द्या. माझा अंदाज आहे की ती पानं वाचल्यावर धाकटा भाऊ दिवा स्वतः आणून देईल. नाही दिला तर आळीपाळीने एकेक वर्ष ठेवा, पहिलं वर्ष तुमचं.

वात कातरायची जुनी कात्री कुणाकडे आहे, तेही विचारून घ्या. ती बहुधा कोणालाच नको असेल.